पारदर्शक भिंतीची किंमत

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याने पनवेल मागे टाकले, की काही वेळाने खालापूर तालुक्यातील लोधिवली हे गाव लागते. भातखाचरांच्या या मुलखात गेल्या साठ वर्षांत कारखाने आले, कामगारांच्या वसाहती आल्या आणि शहराला कंटाळलेले काही सुखवस्तू लोकही आले. माझे एक स्नेही अशाच कारणाने तेथे घर बांधून राहिले आहेत. दिवाणखान्यात एक मोठे मत्स्यालय असावे, ही त्यांची फार दिवसांची हौस. निवृत्तीनंतर ती पुरविण्याचे त्यांनी मनावर घेतले आणि एका व्यापाऱ्याकडून ॲक्रिलिकच्या दोन टाक्यांचे भाव मागविले. पहिली चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच. दुसरीचे प्रत्येक माप पहिलीच्या दुप्पट. उत्तर आले तेव्हा ते संतापले. मापे दुप्पट, तेव्हा किंमत दुप्पट नाही तर फार फार तर चौपट असावी, असा त्यांचा हिशेब. व्यापाऱ्याने मागितली होती दहापटीहून अधिक! "हा उघड उघड लुटारूपणा आहे," असा निकाल देऊन त्यांनी तो कागद माझ्यापुढे टाकला.

व्यापाऱ्याची वकिली करण्याचे मला काही कारण नव्हते. तरी पण स्नेह्यांच्या घराच्या गच्चीवरून पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत दिसत होती, आणि त्यांच्या रागाचे उत्तर त्या भिंतीच्या पायथ्याशी शंभराहून अधिक वर्षे पडून आहे, हे मला आठवले. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना खोपोलीस घेऊन गेलो.

खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. लोणावळे, वळवण आणि शिरवटे येथे घाटमाथ्यावर पावसाचे पाणी अडवून, ते पोलादी नळांतून सुमारे सतराशे फूट खाली आणावयाचे, त्याच्या जोरावर चक्रे फिरवावयाची आणि त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालवावयाच्या, अशी टाटांची ती योजना. चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेत सोडले जाते. म्हणूनच ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते आणि तिच्या काठच्या कारखान्यांना व गावांना पाणी मिळते. परंतु आज मला सांगावयाचे आहे ते नळांविषयी. अशा नळांचे पोलाद वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचे नसते. माथ्याजवळ पातळ पत्रा चालतो. जसजसे खाली यावे, तसतशी जाडी वाढवावी लागते. सतराशे फूट उंचीचा जलस्तंभ तळाशी दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे पन्नास किलोंचा दाब देतो. नळ अरुंद की रुंद, त्यात पाणी एकंदर किती, याचा त्या दाबाशी काही संबंध नाही. दाब ठरतो तो केवळ खोलीवरून.

हे तत्त्व सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ साली ग्रंथबद्ध केले. ऐकावयास ते सोपे आहे, पण मनाला सहजी पटत नाही. हातभर रुंदीच्या टाकीच्या भिंतीवर जेवढा जोर येतो तेवढाच जोर, पाण्याची खोली तीच असेल तर, कोसभर पसरलेल्या तळ्याच्या भिंतीवर यावा, हे आपल्या डोळ्यांना खोटे वाटते. आपण पाण्याचा पसारा पाहून भितो. भिंत बांधणारा मात्र त्याची उंची पाहून भितो.

आता स्नेह्यांच्या दोन टाक्या घ्या. पहिलीच्या लांब भिंतीवर पाण्याचा एकूण जोर सव्वादोनशे किलोंच्या आसपास येतो. दुसरीच्या लांब भिंतीवर तो अठराशे किलोंवर जातो, म्हणजे आठपट. ही भिंत पारदर्शक हवी, तिला मध्ये खांब नको आणि ती फुगलेलीही दिसता कामा नये. सर्व मापे दुप्पट केली असता, भिंतीतील ताण पूर्वीइतकाच राखण्यासाठी तिची जाडी सुमारे पावणेतीनपट करावी लागते. भिंतीचे क्षेत्रफळ तर चौपट झालेलेच असते. चारांस पावणेतीनांनी गुणले की अकरा येतात. पाणी आठपट वाढले, पण भिंतीचा माल अकरापट वाढला! शिवाय जाड तक्त्याचा किलोमागे भाव पातळ तक्त्याहून चढा असतो. तो का, हे पुढे येईलच. व्यापाऱ्याचा आकडा या हिशेबाशी बरोबर जुळत होता. स्नेह्यांनी कागदावर दोनदा गुणाकार करून पाहिला आणि "असे होय!" एवढेच म्हटले. व्यापाऱ्याविषयीचे मत मात्र त्यांनी लगेच बदलले नाही.

मोठ्या मत्स्यालयाच्या किमतीचा इतिहास हा या पारदर्शक भिंतीचाच इतिहास आहे. पाणी सर्वत्र होते, मासे सर्वत्र होते आणि ते पाहण्याचे कुतूहलही माणसाला पूर्वीपासून होते. आपल्याकडील देवळांच्या कुंडांतून आणि राजवाड्यांच्या हौदांतून मासे पाळलेले असत, पण ते वरून पाहावयाचे. माशाला त्याच्या पातळीवर येऊन, बाजूने, डोळ्यास डोळा भिडवून पाहावयाचे तर काच पाहिजे, आणि काच महाग होती.

इंग्लंडात ती किती महाग होती आणि का, हे पाहण्याजोगे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास तेथील सरकारने काचेवर कर बसविला आणि तो वजनावर आकारला. परिणाम असा झाला, की कारखानदार काच शक्य तितकी पातळ करू लागले. जाड, भक्कम तक्ता म्हणजे सरकारच्या तिजोरीत घातलेली भर! शंभर वर्षे हा कर टिकला व १८४५ साली उठला. पुढच्या सहा वर्षांत लंडनात काचेचा 'क्रिस्टल पॅलेस' उभा राहिला, आणि १८५३ साली तेथील प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यगृह उघडले. दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने 'ॲक्वेरियम' हे नाव देऊन पुस्तक लिहिले आणि मध्यमवर्गीय इंग्रजी घरांत काचेच्या टाक्यांची साथच पसरली. या साथीचे श्रेय पुष्कळदा विज्ञानाच्या आवडीला दिले जाते. ती आवड होतीच, पण त्या आवडीला वाट करून दिली ती एका रद्द झालेल्या कराने, असे मला वाटते.

त्या काळी आपण कोठे होतो? खोपोलीहून घाट चढून गेले, की पलीकडे तळेगाव दाभाडे लागते. तेथे १९०८ च्या सुमारास पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून हा निधी उभा केला होता. लोकमान्य टिळकांचे त्यास पाठबळ होते. आणि परदेशांत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे आरंभी कारखान्याची धुरा वाहत होते. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला व त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या घरोघर लागला. या कारखान्यांनी आपल्या लोकांना काचेची एक मूलभूत गोष्ट शिकविली : काच वितळविणे हे अर्धे काम, ती निवविणे हे उरलेले अर्धे. भट्टीतून काढलेले भांडे एकदम उघड्यावर ठेवले तर वरचा थर आधी आकसतो, आतला मागाहून, आणि त्या ओढाताणीत ते तडकते. म्हणून माल सावकाश, तासन् तास उतरत्या उष्णतेत ठेवावा लागतो. भट्टीचा हा वेळ म्हणजेच पैसा. वस्तू जितकी जाड, तितका वेळ अधिक. हे सूत्र लक्षात ठेवावे, कारण काच गेली आणि ॲक्रिलिक आले तरी ते बदललेले नाही.

चिमण्या, बाटल्या आणि कंदील येथे होऊ लागले. मोठी जाड तावदाने मात्र पुष्कळ वर्षे परदेशांतूनच येत. मद्रासेत समुद्रकिनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय उघडले. मुंबईला त्यासाठी आणखी बेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. त्याचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले. इमारतीस त्या वेळचे आठ लाख रुपये लागले. त्यांतील दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्याचे होते आणि त्यांचेच नाव संस्थेस दिले गेले. चर्नी रोड स्थानकासमोर, मरीन ड्राइव्हवर, समुद्राकडे तोंड करून ही वास्तू उभी राहिली. ज्यांचे बालपण मुंबईत गेले, किंवा सुटीत मामाकडे मुंबईस येऊन गेले, त्यांना ती अंधारी दालने आठवत असतील : भिंतीत ओळीने बसविलेल्या उजळ खिडक्या, त्यांपुढे टाचा उंचावून उभी असलेली मुले आणि मागून "पुढे चला, पुढे चला" असा पुकारा. त्या खिडक्या एवढ्याच का होत्या, एकच विशाल दर्शन का नव्हते, असा प्रश्न त्या वयात कोणास पडला नसेल. काचेने घातलेली ती मर्यादा होती. काच जाड करावी तर तिच्यात हिरवट छटा येते. अनेक तक्ते एकावर एक चिकटवावे तर खर्च चढतो. वाकवावी तर आणखी चढतो. म्हणून शहाणा स्थापत्यकार उथळ टाक्या व बेताच्या खिडक्या घेई आणि संख्या वाढवी.

जागेची निवडही खर्चाच्या दृष्टीने चोख होती, हे येथे सांगितले पाहिजे. समुद्राचे मासे ठेवावयाचे तर समुद्राचे पाणी लागते, आणि येथे ते रस्त्यापलीकडेच होते. उलट लोधिवलीचा विचार करा. माझ्या स्नेह्यांना रंगीत समुद्री मासेच हवे होते. त्यांच्या मोठ्या टाकीत सुमारे छत्तीसशे लिटर पाणी मावले असते. दर लिटरास पस्तीस ग्रॅम क्षार धरले, तर एकदा टाकी भरण्यासच सव्वाशे किलो मीठ लागते; आणि ते स्वयंपाकाचे नव्हे, समुद्राच्या पाण्यातील सर्व घटक प्रमाणात मिसळून तयार केलेले. त्यावर नित्य पाणीबदल वेगळा. किनाऱ्यावरील माणसाला जे फुकट, ते घाटाच्या पायथ्याशी पिशव्यांतून विकत घ्यावे लागते. आणखी एक गोष्ट त्यांनी विचारात घेतलीच नव्हती. एवढ्या पाण्याचे वजन साडेतीन टनांहून अधिक. म्हणजे टाकीखालच्या जमिनीवर दर चौरस मीटरला बाराशे किलो. राहत्या घराचा मजला साधारणपणे दोनशे किलोंचा भार धरून बांधतात. त्यांचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर आहे!

आता ॲक्रिलिकची कथा. हे द्रव्य मिथाइल मेथाक्रिलेट या पातळ, उग्र वासाच्या द्रवापासून होते. या द्रवाचे कण एकमेकांस साखळीसारखे जोडले गेले, की त्याचा काचेसारखा स्वच्छ घन पदार्थ बनतो. जर्मनीत डार्मस्टाट येथे ओटो रोम यांच्या कंपनीने १९३३ साली तो 'प्लेक्सिग्लास' या नावाने नोंदविला. इंग्लंडात त्याच सुमारास इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजने 'पर्स्पेक्स' काढले. त्याचा तक्ता ओततात तो दोन गुळगुळीत काचांच्या मध्ये; म्हणजे काचेची जागा घेणाऱ्या या पदार्थाने आपले रूप काचेकडूनच उसने घेतले आहे. तो काचेच्या निम्म्याहूनही हलका, आणि आघाताने काचेसारखा चटकन फुटत नाही. उष्णतेने मऊ करून वाकविता येतो. मुख्य म्हणजे कितीही जाड केला तरी हिरवा पडत नाही.

पहिले गिऱ्हाईक मत्स्यालयांचे नव्हते, विमानांचे होते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक छत्र्या याच पदार्थाच्या होत्या, आणि युद्धाच्या मागणीमुळे तो मोठ्या प्रमाणावर बनविण्याची विद्या पक्की झाली. यातच एक विलक्षण गोष्ट घडली. छत्री फुटून तिचे बारीक तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते. ते आत राहूनही डोळा चिघळत नाही, हे हॅरोल्ड रिडली या लंडनच्या नेत्रवैद्याने पाहिले आणि १९४९ साली मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात याच द्रव्याचे भिंग बसविले. आज आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी ज्या शस्त्रक्रियेने पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागतात, तिचा उगम तेथे आहे. विषयांतर झाले खरे, पण मत्स्यालयाची भिंत आणि आजीच्या डोळ्यातील भिंग ही एका कुळातील आहेत, हे सांगितल्यावाचून मला राहवले नाही.

या कुळाचा एक दूरचा संबंध आमच्या लोधिवलीच्या शेजाराशीही पोहोचतो. मिथाइल मेथाक्रिलेट करण्याचा इंग्लंडात निघालेला व पुढे जगभर चाललेला मार्ग ॲसिटोनपासून सुरू होतो. ॲसिटोन बहुधा फिनॉल बनविताना जोडीने निघते. आणि फिनॉलची मुळे खनिज तेलात आहेत. लोधिवलीपासून जवळच, पाताळगंगेच्या खोऱ्यात रसायनी येथे, भारत सरकारने १९६० साली स्थापिलेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा पहिला कारखाना उभा राहिला. गावाचे नावच त्या उद्योगाचे. याच कंपनीने पुढे कोचीला फिनॉल व ॲसिटोनचा कारखाना काढला. रसायनीचे बहुतेक उत्पादन २०१७ साली बंद करण्यात आले. सांगण्याचा मतलब एवढाच, की ॲक्रिलिकच्या तक्त्याचा भाव दुकानदाराच्या मर्जीवर नसून तेलाच्या, फिनॉलच्या आणि परकीय चलनाच्या बाजारांवर टांगलेला असतो. त्यात कोठेही हालचाल झाली, की तिचा हेलकावा दिवाणखान्यापर्यंत येतो.

परंतु कच्चा माल हा खर्चाचा एक भाग झाला. खरा खर्च जाडीचा आहे. तो द्रव घट्ट होताना त्याचे आकारमान सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होते आणि त्यातून उष्णता निघते. पातळ तक्त्यातून ती निघून जाते. जाड ठोकळ्याच्या पोटात मात्र कोंडते. कोंडली, की द्रव उकळून बुडबुडे धरतो आणि सारा ठोकळा वाया जातो. म्हणून जाड तक्ता अगदी हळूहळू, दाबाखाली व राखलेल्या उष्णतेत घट्ट करावा लागतो, किंवा पातळ तक्ते एकावर एक चिकटवून जाडी साधावी लागते. नंतर आतील ताण काढण्यासाठी तो भट्टीत तापवून दिवस दिवस निववावा लागतो. तळेगावच्या कारागिराला जे चिमणीविषयी ठाऊक होते, तेच येथे शतगुणित होऊन येते. मग घासणे, मग झिलई. एवढी मोठी भट्टी व एवढा धीर असलेले कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, आणि जेथे विकणारे थोडे, तेथे भाव कोण ठरवितो हे सांगावयास नको.

ही विद्या जपानने फार पुढे नेली. ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात २००२ साली बसविलेले तावदान साडेबावीस मीटर लांब, आठ मीटरांहून उंच व साठ सेंटीमीटर जाड आहे. त्यापलीकडे देवमुशी पोहतात. सहा वर्षांनी दुबईत त्याहून मोठे बसले : जवळजवळ तेहतीस मीटर लांब, पाऊण मीटर जाड, वजन २४५ टन. अशी अजस्र वस्तू कारखान्यातून जहाजावर, जहाजातून रस्त्यावर व रस्त्यावरून इमारतीत नेण्याचा खर्चच एखाद्या लहान मत्स्यालयाइतका होत असेल. पुष्कळदा तुकडे आणून जागेवरच सांधतात. पण तो सांधा जोडण्यास लागणारे कुशल हात आणि स्वच्छ, समशीतोष्ण खोली यांचे मोल पुन्हा वेगळेच.

याच्या अगदी उलट एक उदाहरण मला फार आवडते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे केली टार्लटन या पाणबुड्याने १९८५ साली मत्स्यालय उघडले. हाताशी पैसा बेताचा; म्हणून त्याने समुद्रकाठच्या टाकून दिलेल्या सांडपाण्याच्या टाक्या घेतल्या आणि ॲक्रिलिकचे तक्ते मुद्दाम बांधलेल्या भट्टीत मऊ करून, वाकवून, माणसांना चालत जाण्यासारखा बोगदा केला. बोगद्याचा आकार केवळ शोभेचा नसतो. कमानीवर आलेला भार दगडी पुलाप्रमाणे दोन्ही बाजूंस वाटला जातो; त्यामुळे सपाट तावदानापेक्षा थोड्या जाडीत काम भागते. आपल्या नदीवरच्या जुन्या पुलांच्या गवंड्यांना हे कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते. टार्लटन मात्र उद्घाटनानंतर थोड्याच आठवड्यांत वारला.

मुंबईलाही असा बोगदा मिळाला. तारापोरवाला मत्स्यालयाची मोठी दुरुस्ती होऊन ते मार्च २०१५ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा आत बारा फूट लांबीची ॲक्रिलिकची कमान होती. बारा फूट म्हणजे फार नव्हे. मनुष्य पाच-सहा पावलांत पलीकडे जातो. तरी डोक्यावरून मासा जाताना पाहून मुले थबकत आणि मागची रांग खोळंबे. पुढे मात्र ती जुनी इमारतच जीर्ण झाली आणि मत्स्यालयाची दारे प्रेक्षकांना बंद झाली. खाऱ्या वाऱ्याने आणि खाऱ्या पाण्याने लोखंड खाल्ले, काँक्रीट फुगले, की आतील तावदान कितीही उत्तम असो, त्याचा उपयोग काय? नव्या मत्स्यालयाची चर्चा निघते तेव्हा वर्तमानपत्रांत बोगदा किती फुटांचा, याची बातमी आधी येते. मला विचारावेसे वाटते : पंप किती, त्यांना वीज किती, रात्रपाळीस माणसे किती, आणि वीस वर्षांनी भिंतीची तपासणी कोण करणार? १९५१ साली आठांतील दोन लाख देणारा दाता भेटला. दुरुस्तीच्या खात्यात देणगी देऊन आपले नाव लावून घेणारा दाता मी अजून पाहिलेला नाही.

तपासणीचा प्रश्न काल्पनिक नाही. बर्लिनमध्ये एका हॉटेलाच्या दालनात चौदा मीटर उंचीचे, नळकांड्याच्या आकाराचे मत्स्यालय होते. ॲक्रिलिकचे भाग सांधून ते उभारले होते व त्यात दहा लाख लिटर पाणी आणि सुमारे पंधराशे मासे होते. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे ते फुटले. पाणी रस्त्यापर्यंत आले. मासे जवळजवळ सर्व गेले. ती वेळ पहाटेची होती म्हणून माणसे वाचली. दोघांना इजा झाली. तज्ज्ञांनी पुढच्या वर्षी अहवाल दिला. सांध्याचा चिकटा कमजोर झाला असेल, तळाजवळ एखादी खाच पडली असेल, किंवा दुरुस्तीसाठी टाकी रिकामी ठेवली असता ॲक्रिलिक सुकून त्यात ताण आला असेल, अशा शक्यता त्यांनी मांडल्या. परंतु निश्चित कारण सिद्ध करता आले नाही. ॲक्रिलिक थोडे पाणी पिते आणि पाण्यावाचून पुन्हा सुकते, ही गोष्ट काचेला लागू नाही. ते ओरखडते, ओरखडा घासून काढता येतो, हा गुण, पण मद्यार्क असलेल्या साध्या पुसणीच्या द्रवानेही त्यास बारीक भेगा पडतात, हा दोष. म्हणून व्यापारी हिशेबाने लागते त्याहून किती तरी अधिक जाडी घेतो. गिऱ्हाईक त्याला उधळपट्टी समजते. मी आता त्याला बर्लिनच्या पहाटेचा विमा समजतो.

खोपोलीहून परत येताना स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उंची वाढविली नाही आणि नुसती लांबी वाढविली तर?" हा प्रश्न त्यांनी आधी विचारला असता, तर माझे निम्मे व्याख्यान वाचले असते. लांबी उंचीच्या दुपटीच्या पुढे गेली, की भिंतीची जाडी जवळजवळ उंचीवरूनच ठरते. वर मध्ये एखादी आडपट्टी घातली म्हणजे झाले. पुढची प्रत्येक फूटभर लांबी साध्या कापडासारखी, वारावर मोजून घ्यावी. त्यांनी समुद्री मासे सोडले, कोकणच्या ओढ्यांतील लहान गोड्या पाण्याचे मासे ठेवावयाचे ठरविले, टाकी तळमजल्यावरच्या पडवीत घ्यावयाची ठरविली आणि त्याच व्यापाऱ्याकडे पुन्हा भाव मागितला : आठ फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच.

उत्तर आठवड्याने आले. आकडा पहिल्या टाकीच्या दुपटीहून किंचित कमीच होता. स्नेह्यांनी तो कागद मला दाखविला, आणि व्यापाऱ्याला पाठवावयाच्या पत्रात आधी क्षमा मागावी की आधी आगाऊ रक्कम पाठवावी, याविषयी माझा सल्ला विचारला.